सीओपीडीत ‘कार्बन वाढलाय’ म्हणजे पुढं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई ६६ वर्षांची, वाळवा तालुक्यातल्या गावात राहते. विडी-सिगारेट कधी ओढली नाही, पण सगळं आयुष्य चुलीपुढं गेलं. सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं, निदान आधीच झालं आहे. गेल्या आठवड्यात धाप फार वाढली, हाक मारली तरी नीट बोलेना, म्हणून सांगलीत आयसीयूत दाखल केलं. पहिल्या एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) पीएच ७.२६, कार्बन डायऑक्साइड ७८, बायकार्बोनेट ३४. बायपॅप (मास्कमधून दाबानं श्वासाला मदत करणारं मशीन) लावल्यावर चार तासांनी पीएच ७.३२ आणि कार्बन ६६. आता शुद्धीवर आहे. पण सॅचुरेशन ९०-९१ वरच ठेवलंय, ऑक्सिजन वाढवा म्हटलं तर वाढवत नाहीत. पाहुणे म्हणतात, कार्बन वाढला की माणूस फार दिवस काढत नाही. हे खरं का? आणि भाऊ घरी ऑक्सिजनचं मशीन घेतोय, घेऊ द्यावं का?

तुमच्या आईच्या कागदावरचा ७८ हा आकडा बघून घरातले सगळे घाबरले असणार, कारण शेजारीच छापलेलं असतं की नॉर्मल ३५ ते ४५. पण छातीच्या आजारांचा डॉक्टर तो कागद हातात घेतो तेव्हा त्याची नजर आधी पीएचवर, म्हणजे रक्त किती आम्ल आहे त्या आकड्यावर जाते, मग आम्लता शमवणाऱ्या बायकार्बोनेटवर, आणि त्या ७८ वर सगळ्यात शेवटी.

दोन पेशंट डोळ्यांसमोर आणा. दोघांचाही कार्बन ६०. पहिल्याचा पीएच ७.३८ आणि बायकार्बोनेट ३४-३५. हा ओपीडीत स्वतः चालत येतो, खुर्चीत बसून दम खात खात का होईना पण सगळं नीट सांगतो. दुसऱ्याचा पीएच ७.२२ आणि बायकार्बोनेट २४. हा घामानं निथळतोय, दोन्ही हात कॉटवर रोवून पुढं वाकून बसलाय, एका शब्दापुढं दुसरा शब्द निघत नाही. पहिल्याला औषधं बदलून घरी पाठवता येतं. दुसऱ्याला मशीन लावायला तासभरही थांबता येत नाही. कार्बन डायऑक्साइड रक्तात साठला की रक्त आम्ल होतं. तो महिनोन् महिने हळूहळू साठत गेला तर किडन्या बायकार्बोनेट धरून ठेवतात आणि ती आम्लता भरून काढतात. या कामाला त्यांना काही दिवस लागतात. एका रात्रीत साठला तर तेवढी सवड मिळत नाही, आणि पीएच घसरतो. जिवाला धोका किती, हे त्या घसरलेल्या पीएचवरून कळतं.

आता आईचा कागद बघू. पीएच ७.२६, म्हणजे आम्लता होती आणि दाखल केलंत ते अगदी वेळेवर केलंत. पण बायकार्बोनेट ३४ आहे, जे एरवी २२ ते २६ असतं. एक-दोन दिवसांत ते इतकं चढत नाही. म्हणजे या झटक्याच्या (धाप अशी एकदम वाढते त्याला आम्ही झटका म्हणतो) आधीपासून, बहुधा कित्येक महिने, आईचा कार्बन साठीच्या आसपास असणार, आणि परवाच्या झटक्यानं तो ७८ वर नेला. लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर बायकार्बोनेट त्यांनीही थोडं वाढतं, तेव्हा हा अंदाज डॉक्टरांसमोर बोलून घ्या. घरातही जरा आठवून बघा. सकाळी उठल्यावर डोकं जड व्हायचं का? दुपारी भाजी निवडता निवडता डुलकी लागायची का? पायांवर सूज दिसायची का? ‘वय झालं, झोप येते’ म्हणून आपण जे सोडून देतो ते पुष्कळदा साठलेला कार्बन असतो.

तो साठतो कसा, तेही सांगतो. सीओपीडीत श्वासनळ्या अरुंद झालेल्या असतात आणि फुप्फुसाचा ताण गेलेला असतो, त्यामुळं आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. लोहाराचा भाता अर्धाच दाबून पुन्हा उघडला तर नवीन वारा शिरायला जागा कुठं राहते? तसंच होतं. छाती फुगलेली राहते, छातीखालचा श्वासाचा पडदा खाली दबलेला राहतो, आणि त्या अवघड स्थितीत श्वासाचे स्नायू दर मिनिटाला तीस-तीस वेळा ओढत राहतात. दोन दिवसांनी ते थकतात, श्वास उथळ होतो आणि कार्बन बाहेर पडेनासा होतो. बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर यातलं काहीही दाखवत नाही. ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचं सॅचुरेशन ९४ दिसत असताना कार्बन दुप्पट झालेला असू शकतो. ‘सॅचुरेशन चांगलं आहे, नुसतं झोपलेत’ हे वाक्य ऐकलं की मी पेशंटला दोन्ही हात समोर ताठ करून, पंजे वर वळवून धरायला सांगतो. पंजे पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडू लागले, तळवे गरम लागले, नाडी जोरात उडत असली, की लगेच मनगटातल्या धमनीतून रक्त घेऊन एबीजीला पाठवायचं.

ऑक्सिजन का वाढवत नाहीत, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण नातेवाइकांचं आणि डॉक्टरांचं सगळ्यात जास्त वाजतं ते इथंच. आपल्या डोक्यात ऑक्सिजन म्हणजे प्राण, मग तो कमी का द्यायचा? करोनाच्या साथीत तर घराघरात ९४-९५ हा आकडा पाठ झाला होता. पण सीओपीडीत कार्बन साठणाऱ्या माणसासाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. यात कंजुषी नाही, हलगर्जीही नाही.

कारण असं आहे. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडं वळवतात. आजारी फुप्फुसाची ही स्वतःची व्यवस्था असते. ऑक्सिजन भरमसाट दिला की त्या आकसलेल्या वाहिन्या उघडतात, रक्त पुन्हा निकामी भागातून फिरू लागतं आणि कार्बन न टाकताच परत येतं. दुसरं, हिमोग्लोबिनला ऑक्सिजन भरपूर मिळाला की त्याच्यावर बसलेला कार्बन डायऑक्साइड तो सोडून देतो आणि रक्तातलं प्रमाण आणखी चढतं. श्वास घेण्याची मेंदूची प्रेरणा कमी होणं हे तिसरं कारण. बहुतेकांना हेच एक माहीत असतं, पण त्याचा वाटा पहिल्या दोहोंपेक्षा कमी आहे.

याचा पुरावाही पक्का आहे. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात अॅम्ब्युलन्समधल्या ४०५ पेशंटवर एक चाचणी झाली आणि २०१० साली ती प्रसिद्ध झाली. काहींना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन दिला, काहींना सॅचुरेशन ८८ ते ९२ राहील इतकाच मोजून दिला. मोजून दिलेल्यांत मृत्यू ४ टक्के, भरपूर दिलेल्यांत ९ टक्के. ज्यांना सीओपीडी असल्याचं नक्की झालं होतं त्यांच्यात हा फरक २ विरुद्ध ९ टक्के इतका होता. अॅम्ब्युलन्समधल्या तेवढ्या वेळात, फक्त फ्लोमीटर, म्हणजे ऑक्सिजन किती जातो ते ठरवणारा नळ, किती उघडायचा एवढ्या एका गोष्टीनं हा फरक पडला.

म्हणून विनंती अशी की कॉटमागचा तो फ्लोमीटर घरच्या कुणीही फिरवू नये. पाहुणा भेटायला येतो, ९० बघतो आणि काळजीपोटी फिरवून जातो. त्याच्या मायेबद्दल शंका नाही, पण दोन तासांनी पेशंट परत गुंगीत जातो. उलटंही करू नका. ‘ऑक्सिजननं कार्बन वाढतो’ असं ऐकून नळी एकदम काढून टाकली तर सॅचुरेशन आधीपेक्षाही खाली कोसळतं, आणि ऑक्सिजनची कमतरता कार्बनपेक्षा फार लवकर जीव घेते. कमी करायचा तो टप्प्याटप्प्यानं, सॅचुरेशन बघत. अजून एक जागा आहे जिथं न कळत ऑक्सिजन जास्त जातो, ती म्हणजे वाफ. नेब्युलायझर ऑक्सिजनच्या सिलिंडरला जोडला तर मिनिटाला सहा-आठ लिटर ऑक्सिजन जातो. अशा पेशंटला वाफ हवेच्या कॉम्प्रेसरवर द्यावी आणि नाकातली नळी दोन लिटरवर चालू ठेवावी. गावातल्या दवाखान्यात किंवा १०८ मध्ये आईला कधी न्यायची वेळ आली तर ‘हिला सीओपीडी आहे, कार्बन साठतो, सॅचुरेशन ८८ ते ९२’ एवढं लिहिलेली चिठ्ठी तिच्या फाइलीत सगळ्यात वर असू द्या. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून ती लिहून, सहीसकट घ्या.

आता बायपॅप. आईच्या बाबतीत खरं काम याच मास्कनं केलंय. थकलेल्या स्नायूंना प्रत्येक श्वासाला हा दाबाचा हात देतो, श्वास खोल होतो, कार्बन बाहेर पडतो. फ्रान्स, इटली आणि स्पेनमधल्या ८५ पेशंटवरच्या १९९५ च्या अभ्यासात मास्क लावलेल्यांपैकी २६ टक्क्यांना घशात नळी घालावी लागली, न लावलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना. मृत्यूचं प्रमाण २९ वरून ९ टक्क्यांवर आलं. पुढं २००० साली ब्रिटनमध्ये १४ रुग्णालयांच्या साध्या वॉर्डांत, तिथल्याच नर्सेसच्या हातून हेच उपचार दिले गेले, तरीही मृत्यू २० वरून १० टक्के झाले. सीओपीडीच्या झटक्यात इतका फरक पाडणारे उपचार फार थोडे आहेत.

पण मास्क नीट बसला तरच. आपल्याकडच्या वयस्कर बायांच्या बाबतीत बारीकसारीक गोष्टी आड येतात. दात नसले की गाल आत जातात आणि कडेनं हवा सुटते. कवळी असेल तर मास्कखाली ती तोंडातच ठेवायची. नाकातली चमकी किंवा नथ काढून ठेवायची. पट्टा इतका आवळायचा नाही की नाकाच्या हाडावर जखम होईल. पट्ट्याखाली एक-दोन बोटं सहज जायला हवीत. डोळ्यांत वारा जातोय अशी तक्रार आई करत असेल तर सिस्टरना सांगा, मास्क वर सरकलेला असतो. पहिला अर्धा तास कुणालाही गुदमरल्यासारखंच वाटतं. त्या वेळी घरचं एक माणूस हात धरून ‘मशीन श्वास देईल तसा घे’ असं सांगत बसलं तर जो फरक पडतो तो गुंगीच्या इंजेक्शननं पडत नाही. आणि पहिले २४ तास शक्य तितका वेळ मास्क राहायला हवा. ‘दोन घोट चहा देऊ द्या’ म्हणून दर तासाला काढू नका. पाणी, औषध, तोंड पुसणं हे सिस्टरना विचारून एकदमच उरका.

मास्क लावल्यावर पहिल्या एक ते चार तासांत पीएच सुधारायला लागला आणि श्वासाची गती उतरली, तर बहुतेकदा घशात नळी घालायची वेळ येत नाही. आईचा पीएच चार तासांत ७.२६ वरून ७.३२ झालाय. तुम्ही पाठवलेल्या सगळ्या आकड्यांतला सगळ्यात चांगला हाच. कार्बन ६६ आहे, अजून ४५ झाला नाही, याची चिंता करू नका. तिचा नेहमीचाच साठीच्या घरात असेल तर तो ४५ ला आणायची घाई कुणी करणारही नाही.

पाहुण्यांच्या वाक्याबद्दल. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून मी ते झटकून टाकत नाही. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सीओपीडीचा झटका येऊन कार्बन ५० किंवा त्याहून वर गेलेल्या १०१६ पेशंटचा माग काढला होता. रुग्णालयात ११ टक्के दगावले, वर्षभरात ४३ टक्के, दोन वर्षांत ४९ टक्के. हे आकडे बायपॅप सरसकट वापरात येण्याआधीचे आहेत, पण आजही या आजाराला हलकं समजू नये हे त्यातून कळतंच. त्यात नीट बघा. रुग्णालयातून बहुतेक जण जिवंत घरी गेले होते, आणि घात झाला तो नंतरच्या वर्षात. आपल्याकडं सगळा जोर पहिल्या आठवड्यावर असतो. आयसीयूचं बिल, धावपळ, रक्ताचे रिपोर्ट, सगळं तिथंच संपतं. घरी गेल्यावर पंप आणि गोळ्या सुरू राहतात, आणि पुढची भेट होते ती पुढच्या झटक्याला.

झटक्यात दगावण्याचा धोका मोजायला ब्रिटनमध्ये ९२० पेशंटच्या अभ्यासावरून डीकॅफ नावाची एक पद्धत बसवली गेली. त्यात पाच गोष्टी मोजतात: आधीपासून धाप किती होती, रक्तातल्या इओसिनोफिल पेशी फार कमी झाल्यात का, एक्स-रेत न्यूमोनियाचा डाग आहे का, पीएच ७.३० च्या खाली आहे का, आणि हृदयाचे ठोके अनियमित, म्हणजे एएफ आहे का. कार्बनचा आकडा त्या यादीत नाहीच. पाहुण्यांना सांगायचं तर एवढं सांगा.

पण पुढच्या वर्षाबद्दल कार्बन बरंच काही सांगतो, फक्त तो योग्य वेळी मोजावा लागतो. झटक्यात वाढलेला कार्बन काही जणांत दोन-चार आठवड्यांत पूर्ण उतरतो, काहींत चढलेलाच राहतो. जुन्या अभ्यासांत असं दिसलं की ज्यांचा उतरला त्यांचं पुढचं आयुष्य कार्बन कधीच न वाढलेल्या पेशंटसारखंच गेलं, आणि ज्यांचा कायम राहिला त्यांना जास्त त्रास झाला. तुमची आई यापैकी कुठल्या गटात आहे हे आज मी सांगू शकत नाही, आयसीयूतले डॉक्टरही सांगू शकत नाहीत. ते ठरतं डिस्चार्जनंतर दोन ते चार आठवड्यांनी, तब्येत स्थिर असताना केलेल्या एबीजीत. ही एक तपासणी आपल्या भागात सगळ्यात जास्त राहून जाते. मनगटातून रक्त घेताना दुखतं, आई नको म्हणेल, सांगली-मिरजेला खास त्यासाठी यावं लागेल, आणि ‘आता तर बरी आहे’ असं सगळ्यांनाच वाटत असेल. तरीही आणा. घरातल्या कॅलेंडरवर तारखेला आजच खूण करून ठेवा.

त्या तपासणीवर एक मोठा निर्णय अवलंबून आहे. बरं झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनीही कार्बन ५३ च्या वर राहिलेल्या ११६ पेशंटवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना घरी नुसता ऑक्सिजन दिला, निम्म्यांना ऑक्सिजन आणि रात्री बायपॅप. पुन्हा दाखल व्हायची वेळ किंवा मृत्यू, यापैकी काहीतरी घडेपर्यंतचा मध्यम काळ (म्हणजे निम्म्या पेशंटमध्ये ते घडेपर्यंत गेलेला वेळ) नुसत्या ऑक्सिजनवाल्यांत १.४ महिने होता, बायपॅपवाल्यांत ४.३ महिने. त्याआधी नेदरलँड्समध्ये झटका ओसरताच, तपासून न बघता की कार्बन आपोआप उतरतोय का, असाच प्रयोग झाला होता आणि त्यात काहीच फायदा दिसला नव्हता. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी घाईनं बायपॅप विकत घेऊ नका आणि चौथ्या आठवड्यानंतर टाळूही नका. घ्यायची वेळ आलीच तर मशीन बायपॅपच हवं. घोरण्यासाठी वापरतात ते सीपॅप इथं चालत नाही. दाब किती ठेवायचा ते डॉक्टरांनी रात्रीच्या नोंदी बघून ठरवायचं.

घरी गेल्यावरच्या काही गोष्टी. झोपेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, ‘शांत झोप लागावी’ म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेलं काहीही आईला चालणार नाही. श्वास मंदावतो आणि कार्बन चढतो. स्टिरॉइडच्या गोळ्या झटक्यात पाच दिवस पुरतात. बरं वाटतं म्हणून महिना-महिना चालू ठेवू नका. पंप घेताना डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवायला सांगा, कारण कित्येकांचं औषध घशातच राहतं. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्या. आणि चालणं. डिस्चार्जनंतर तीन महिन्यांच्या आत व्यायामाचा रीतसर कार्यक्रम सुरू केलेल्या पेशंटमध्ये वर्षभरातले मृत्यू कमी दिसले आहेत. आपल्याकडं त्याची केंद्रं थोडी आहेत, म्हणून फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या आणि मग अंगणात रोज थोडं थोडं वाढवत न्या.

धुराबद्दल वेगळं सांगतो. तुमच्या घरी आता गॅस असेलच, पण अंघोळीचं पाणी कशावर तापतं? आपल्या भागात स्वयंपाक गॅसवर आणि बंब किंवा परसातली चूल अजून शेणी, चिपाडं, पऱ्हाट्यांवर, असं घरोघरी असतं. पहाटे उठून तो जाळ घालणारी बहुतेकदा आईच असते. हे काम तिच्याकडून काढून घ्या. ऊसतोड झाली की शेतातलं पाचट पेटवतात, त्या आठवड्यात तिला घरात ठेवा किंवा लांब बहिणीकडं पाठवा. आपल्या रानात तरी पाचट पेटवू नका, कुजवा. डिसेंबर-जानेवारीत, थंडी, धुकं आणि पाचटाचा धूर एकत्र आले की आमच्या वॉर्डातल्या कॉटा भरतात. यात ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही अशा बाया कितीतरी असतात.

आणि भावाचं मशीन. आत्ता विकत घेऊ नका. कायमचा घरचा ऑक्सिजन कुणाला द्यायचा याचे निकष ठरलेले आहेत: तब्येत स्थिर असताना, साध्या हवेवर, रक्तातला ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा त्याखाली, किंवा सॅचुरेशन ८८ किंवा त्याखाली. अशांनी दिवसातले किमान पंधरा तास घेतला तर आयुष्य वाढतं, हे १९८० आणि ८१ सालच्या दोन अभ्यासांत दिसलं आहे. ज्यांचं सॅचुरेशन थोडंसंच कमी असतं त्यांना तो फायदा होत नाही, हे २०१६ च्या अमेरिकेतल्या चाचणीतून कळलं. आईचं सॅचुरेशन डिस्चार्जच्या दिवशी साध्या हवेवर त्या रेषेखाली राहिलं तर डॉक्टर काही आठवड्यांसाठी ऑक्सिजन लिहून देतील. तेव्हा मशीन भाड्यानं आणा, आणि चौथ्या आठवड्यातल्या एबीजीच्या वेळी तो अजून लागतोय का हेही बघून घ्या. कदाचित तोपर्यंत त्याची गरज उरणार नाही, किंवा खरी गरज बायपॅपची निघेल, आणि भावाचे पैसे त्यासाठी हाताशी राहतील. भाड्याचं मशीन घरी आलं की लिहून दिलेल्या फ्लोवर, एक असो की दोन लिटर, त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा. रात्री आईला धाप लागली तर बटण वाढवत बसायचं नाही, आधी पंप द्यायचा आणि पंपानं उतरली नाही तर, किंवा ती झोपाळू वाटली तर, गाडी काढायची, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.